वजा तीस

९ फेब्रुवारी

चि. पाऱ्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. टेकडीवर वारा फार सुटलाय हे सांगायला तू तीन पानं खर्ची घातलीस. वेधशाळेत बसून वाऱ्याची तक्रार करणं म्हणजे पोहणाऱ्याने पाणी ओलं आहे म्हणण्यासारखं आहे. मफलर पाठवते आहे. तो स्वतःच्या गळ्यात घाल, बॅरोमीटरला गुंडाळू नकोस. तुला पारा म्हणायला लागले ते तुझ्या नोकरीवरून नव्हे, सहा वर्षांचा असताना क्षणात चढायचास आणि क्षणात उतरायचास त्यावरून, हे तुझ्या साहेबांना एकदा सांगायला हवं.

इकडे ठकीला तलावावर लहान मुलांचा वर्ग मिळालाय. दिवसभर त्या पोरांना पोहायला शिकवते आणि घरी येऊन माझ्याशीही शिट्टी फुंकल्यासारखी बोलते. बावीस वर्षांची घोडी झाली, तरी ओले कपडे दोरीवर टाकायचे असतात हे अजून तिच्या गावीही नाही. परवा मी बोलले तर म्हणाली, की मी हल्ली उगाच करवादते. असेलही. थकायला होतं खरं. लॅबचा जिना चढताना मधल्या वळणावर जरा टेकते, आणि खाली वाकून चपलेचा पट्टा लावायला गेले की श्वास अडकतो. सरळ झाले की सुटतो. पन्नाशी उलटली, आता शरीराने थोडे नखरे केले तर करू देत.

लॅबमध्ये दोन डोळ्यांनी बघायचा नवा मायक्रोस्कोप आलाय. म्हाताऱ्या डॉक्टरांनी तो आपल्या खोलीत ठेवलाय आणि त्यावर टॉवेल घालून ठेवतात. मी आपली जुन्या एकडोळ्यावर खूश. उजवा डोळा नळीला, डावा वहीवर. सव्वीस वर्षं असंच चाललंय.

गंमत सांगायची राहिली. तुला माहीत आहे, ईएसआरच्या स्टँडवर पहिली नळी माझ्या रक्ताची असते. (दर वेळी समजावून सांगावं लागतं तुला, म्हणून पुन्हा सांगते. रक्त द्रावणात मिसळून उभ्या नळीत तासभर ठेवायचं आणि तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते वाचायचं. अंगात कुठे काही धुमसत असेल तर त्या भराभर बसतात.) माझा आकडा आठ, फार तर दहा. तो बरोबर आला की त्या दिवसाचं द्रावण बरोबर, स्टँड सरळ, सगळं बरोबर. लॅबमध्ये त्याला बाईंची नळी म्हणतात. तर जानेवारीत बाईंची नळी एकदम चाळीसवर. द्रावण बिघडलं म्हणून नवी बाटली मागवली, ती यायला बारा दिवस लागले, तोवर कसंबसं निभावलं. नव्या बाटलीवरही बेचाळीस. मग स्टँड तिरका असेल म्हणून त्याच्या पायाखाली पुठ्ठा सारला. तरी हट्ट सोडीना. शेवटी मी माझी नळी लावायचीच बंद केली. रुसलेल्या माणसाची किती दिवस मनधरणी करायची?

तुझी खोकल्याची बाटली संपली असेल तर कळव. लोभ आहे तेवढा ठेव, वाढवायचा असेल तर पत्र लवकर लिही.

तुझी,
ताई


१७ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

मफलर मिळाला. रंग तूच निवडला असशील, कारण एवढा हिरवा दुसरं कोणी निवडणार नाही. घातलाय. माझ्या हाताखालचा माणूस म्हणाला, की आता धुक्यातही मी हरवणार नाही.

गंमत म्हणून लिहिलेली तुझी गंमत मला गमतीची वाटली नाही. इथे पहिल्या दिवशी आम्हाला एकच गोष्ट शिकवतात. आकडा विचित्र आला तर तो आधी वहीत लिहायचा, जसा आला तसा. मग दुसऱ्या यंत्राशी ताडून बघायचा. आवडला नाही म्हणून खोडायचा नाही. तू मात्र द्रावण बदललंस, स्टँडखाली पुठ्ठा घातलास आणि अखेर आकडा बघायचाच सोडलास. सगळ्यांवर संशय घेतलास, आपलं रक्त तेवढं सोडून. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे रक्तालाही लागू करणारी तूच पहिली असशील.

त्यात जिना आणि चपलेचा पट्टा. ताई, मी डॉक्टर नाही. मी ढग मोजतो. पण एका आठवड्यात दोन-तीन यंत्रं एकाच दिशेने हलायला लागली तर मी झोपत नाही. डॉक्टरांच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं बसून स्वतःला कुणाला न दाखवणं म्हणजे दिव्याखाली अंधार. दाखवून ये आणि मला लिही. जीप टपाल घेऊन मंगळवारी आणि शुक्रवारी वर येते. मी दोन्ही दिवस फाटकापाशी उभा असेन, आणि ते मला शोभत नाही.

ठकीला सांग, शिट्टीची सवय आमच्या घराण्याची आहे. तुझ्यात ती जरा जास्त उतरली एवढंच.

लोभ असावा, आणि या वेळी थोडं ऐकावंही.

तुझा,
पारा


२४ फेब्रुवारी

ती. मामास सा. न. वि. वि.

हे पत्र आईला न सांगता लिहिते आहे. तलावाच्या कचेरीत बसलेय, कागद ओला झाला तर समजून घे.

आईचा उजवा डोळा गेला, मामा. दुसरं कसं लिहायचं ते मला सुचत नाही. गुरुवारी सकाळी लॅबमध्ये ती मायक्रोस्कोपला डोळा लावून बसली होती आणि समोरचं सगळं एकदम काळं झालं. दुखलं नाही, खुपलं नाही. तिला वाटलं बल्ब गेला. तिने बल्ब बदलला. मग भिंग पुसलं. मग काच बदलली, आरसा फिरवला, प्लगची वायर हलवून बघितली. वीस मिनिटं ती त्या यंत्राशी झटत होती. स्वतःचा डोळा बिघडला असेल हे तिच्या मनातच आलं नाही, कारण डावा उघडा होता आणि त्याला वही दिसत होती. कळल्यावर तिने काय केलं असेल? डावा डोळा लावून उरलेल्या सहा काचा तपासून संपवल्या. रिपोर्ट द्यायचे होते म्हणे. जेवायला घरी आली तेव्हा मला सांगितलं, तेही पाणी मागता मागता.

मी तशीच तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, की डोळ्याच्या मागच्या रक्तवाहिनीत कुठून तरी काहीतरी येऊन अडकलंय आणि पडद्याचं रक्त बंद झालंय. पहिल्या तासा-दोन तासांत आलो असतो तर निदान प्रयत्न करता आला असता. आता त्या डोळ्याची आशा धरू नका म्हणाले. मी रडले. आई त्यांना विचारत होती, की एका डोळ्याने मायक्रोस्कोप चालेल ना, कारण तसाही तो एकाच डोळ्याचा आहे.

बाहेर येताना त्यांनी मला थांबवून सांगितलं, की डोळा हा या गोष्टीचा शेवट आहे, सुरुवात नाही. तो तुकडा जिथून आला तिथे आणखी असतील, आणि पुढचा दुसऱ्या डोळ्यात जाईल की मेंदूत ते कोणी सांगू शकत नाही. मूळ शोधा. म्हणून काल मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्तदाब बघितला, छाती तपासली, कागदावर हृदयाचा आलेख काढला. सगळं बरं आहे म्हणाले. आधी काही त्रास होता का असं विचारलं तर आई म्हणाली काही नाही. मामा, ती खोटं बोलत होती असंही नाही. तिला खरंच वाटतं की काही नाही.

ती कोणाचं ऐकत असेल तर तुझंच. काहीतरी कर. रोज सकाळी मी तिच्याआधी उठते आणि तिने डावा डोळा उघडून माझ्यावर खेकसेपर्यंत मला चैन पडत नाही.

माझ्यावर माया ठेव. आणि मी लिहिलंय हे सांगू नकोस.

तुझी,
ठकी


२८ फेब्रुवारी

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र जीपमधून उतरता उतरताच वाचलं. उत्तर त्याच जीपने खाली पाठवतो आहे, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. म्हणून मोजकंच.

सोबत ताईचं ९ फेब्रुवारीचं पत्र आहे. ते घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे एकटी जा. मी तीन ठिकाणी खाली रेघ मारली आहे. जिना. वाकल्यावर अडकणारा आणि सरळ झाल्यावर सुटणारा श्वास. आणि ती नळी, आठवरून चाळीस, चाळीसवरून बेचाळीस. तिला काही विचारू नका, ती काही नाहीच म्हणेल. तिने जे मला थट्टेत लिहिलं तीच तिची खरी हकीकत आहे. डॉक्टरांना म्हणावं, हे लिहिणारी बाई सव्वीस वर्षं रक्त तपासते आहे, तिचा आकडा चुकत नाही. चुकला तो तिने लावलेला अर्थ.

मी रजा मागितली आहे. माझ्या जागी येणारा माणूस आल्याशिवाय मला खुर्ची सोडता येत नाही आणि तो कधी येईल ते कोणी सांगत नाही. इथला फोन फक्त आकडे कळवायला आहे. दर तीन तासांनी मी तापमान कळवतो आणि पलीकडच्या माणसाला आणखी काहीतरी सांगावंसं वाटतं, पण त्याला काय सांगणार.

तुझ्यावर माझी भिस्त आहे. राग येऊ दे तिला, मी निस्तरीन.

तुझा,
मामा


८ मार्च

चि. पाऱ्यास अनेक आशीर्वाद.

तुम्हा दोघांनी मिळून माझं पत्र परक्या माणसाला वाचायला दिलंत. त्या डॉक्टरांनी माझ्यासमोर मफलरचा मजकूरही वाचला आणि हसले. यापुढे तुला लिहिताना मला गंभीर लिहावं लागेल, म्हणजे तुझं वाचनाचं सुख गेलं. केलंस ते बरं केलंस. हे एकदाच लिहिते, पुन्हा विचारू नकोस.

पत्र वाचून त्यांनी मला छातीवर थंडगार जेली लावून पडद्यासमोर आडवं केलं. इको म्हणतात. मी डाव्या डोळ्याने माझंच हृदय बघितलं. वरच्या डाव्या कप्प्यात एक गाठ आहे, मोठ्या लिंबाएवढी, देठावर लोंबकळणारी. दर ठोक्याला ती झडपेच्या दारातून खाली डोकावते आणि परत वर जाते. वाकले की दारातच बसत असणार, म्हणून श्वास अडकायचा. कॅन्सर नाही म्हणाले. साधी गाठ, पण भुसभुशीत. तिचा एक कण सुटला तो डोळ्यात गेला. तिच्यामुळेच रक्ताचा आकडा चढला. किती वर्षं होती कोण जाणे, कुणाला पत्ता नव्हता. बघताना मला सगळ्यात आधी काय वाटलं सांगू? वाटलं, किती स्पष्ट दिसतेय.

डॉक्टरांचं म्हणणं, सोमवारीच छाती उघडून ती काढायची. एक दिवसही थांबू नका, पुढचा कण कधी सुटेल याचा नेम नाही. मी त्यांच्याकडे पंधरा दिवस मागितले. ठकीने तेव्हापासून अबोला धरलाय. तिला कारण सांगितलेलं नाही. तुला सांगते.

द्रावणाची बाटली यायला बारा दिवस लागले, तोवर कसंबसं निभावलं असं मी लिहिलं होतं. कसं निभावलं ते लिहिलं नव्हतं. माझी नळी चाळीस दाखवत होती, असायला हवी होती दहा. म्हणजे द्रावण तीस जास्त दाखवतंय असा मी हिशेब केला. लोकांना परत पाठवायचं जिवावर आलं. म्हणून त्या बारा दिवसांत जेवढ्यांचा ईएसआर केला त्या प्रत्येकाच्या आकड्यातून मी तीस वजा केले आणि उरला तो रिपोर्टवर लिहिला. जिथे शून्याखाली जाई तिथे पाच लिहिले. म्हाताऱ्या डॉक्टरांनी माझ्या भरवशावर सह्या केल्या.

द्रावण चांगलं होतं, पाऱ्या. स्टँड सरळ होता. त्या लोकांचे आकडे खरे होते. बिघडलेली मी होते, आणि मी त्यांना मोजलं माझ्यावरून. एकेचाळीस माणसं आहेत. कच्च्या वहीत खरे आकडे पेन्सिलीने लिहिलेले आहेत. त्यातल्या बत्तीस जणांचे खरे आकडेही फार नव्हते. उरले नऊ. ते खरोखर आजारी असणार आणि माझा कागद दाखवून कुणी डॉक्टरने त्यांना काही नाही म्हणून घरी पाठवलं असणार. मला कोणी काही नाही म्हटलं की कसं बरं वाटायचं ते मला ठाऊक आहे.

छाती उघडल्यावर मी उठले नाही तर ती वही कोणाला वाचता यायची नाही. माझ्या खुणा मलाच कळतात. म्हणून आधी त्या नऊ जणांना गाठते, मग आडवी होते. रोज दोन घरं केली तरी होईल. डावा डोळा चांगला आहे. वाचताना दमतो एवढंच.

रागावू नकोस. रागावलास तरी लोभ कमी करू नकोस, सध्या तो मला लागतो.

तुझी,
ताई


१३ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

रागावू नकोस म्हणालीस. मी रागावलो आहे. पत्र वाचून मी फाटकापासून यंत्रांच्या पिंजऱ्यापर्यंत किती फेऱ्या मारल्या ते मोजलं नाही, आणि मी सगळं मोजतो. दुपारचं निरीक्षण दहा मिनिटं उशिरा कळवलं, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

तू चूक केलीस. मोठी केलीस. ती लहान करून सांगायला मी बसलो नाही, तुला ते आवडणारही नाही. पण आता तू दुसरी करते आहेस आणि ती अगदी पहिलीसारखीच आहे. तेव्हाही तुला वाटलं की सगळं तुझ्याच नळीवरून ठरतं, आताही तेच वाटतंय. ते नऊ जण बरे व्हायचे तर तूच चालत जायला हवंस, तूच जिने चढायला हवेस. का? एखाद्या जिन्यावर तो दुसरा कण सुटला तर दारात कोसळलेली बाई त्यांना काय सांगणार आहे? तुला न्याय करायचाय की शिक्षा भोगायचीय, हे आधी ठरव. त्या माणसांना फक्त त्यांचा खरा आकडा हवाय. तो कोणी आणून दिला याच्याशी त्यांना कर्तव्य नाही.

खुणा कळत नाहीत म्हणतेस तर खाटेवर बसून ठकीला समजाव. एक तासाचं काम आहे. म्हाताऱ्या डॉक्टरांना सांग. त्यांची सही आहे, त्यांना कळायला हवं. नऊ नावं, नऊ पत्ते, नऊ खरे आकडे एका स्वच्छ कागदावर लिहून ठकीच्या हातात दे. ती पोरगी पाण्यात बुडणारी मुलं बाहेर काढते. नऊ दरवाजे वाजवेल.

आणि आता जे लिहितो ते तोंडाने कधी बोललो नसतो. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि तू सोळाची. तेव्हापासून मला कुठलीही गोष्ट झाली की ती तुला कधी सांगतो असं होतं. बाकी मला कोणी नाही. तू गेलीस तर मी हे वारे-ढग कोणाला लिहू? मला तू हवी आहेस, ताई. एका डोळ्याची चालेल.

माझ्या जागी येणारा माणूस मंगळवारच्या जीपने येतोय. बुधवारी मी तुझ्याकडे आहे. तेव्हा तू मला इस्पितळात दिसायला हवीस, रस्त्यावर नव्हे.

लोभ आहे म्हणून एवढं लिहिलं.

तुझा,
पारा


१६ मार्च

ती. मामास सा. न. वि. वि.

हे पत्र तू निघायच्या आत तुला मिळेल की नाही माहीत नाही. नाही मिळालं तर समक्ष सांगेनच, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तुझं पत्र आईने खिडकीपाशी उभं राहून वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं. मला म्हणाली, की तुझ्या मामाला लिहायला येतं हे मला माहीतच नव्हतं. मग कच्ची वही काढली आणि मला शेजारी बसवलं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं सगळं. मी अबोला धरला होता त्याची मला लाज वाटली, आणि तिने केलं त्याचा रागही आला. दोन्ही एकदम. एक तास नाही, तीन तास लागले. एका नावापाशी तिचं बोट थांबलं. पुस्तकबांधणीच्या कारखान्यातली बाई आहे. खरा आकडा एक्कावन्न, आईने लिहिला एकवीस. आईला ती आठवत होती. रक्त देताना खोकत होती आणि खोकल्याबद्दल माफी मागत होती.

म्हातारे डॉक्टर घरी आले. सगळं ऐकून त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मला वाटलं आता बोलतील तिला. ते म्हणाले, की सह्या करताना मी वही बघायची असते, ती मी दहा वर्षं बघितलेली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी नऊच्या नऊ जणांसाठी स्वतःच्या हाताने चिठ्ठ्या लिहिल्या.

मी सायकलवर हिंडते आहे. आजपर्यंत सात घरं झाली. तिघांचं दुखणं आपोआप गेलंय. दोघांनी दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन केव्हाच उपचार सुरू केलेत. एकाने पुन्हा तपासायचं कबूल केलं. एका गवंड्याने माझ्या तोंडावर दार आपटलं, मग पाच मिनिटांनी उघडून चिठ्ठी मागून घेतली. आठवा बाहेरगावी आहे, रविवारी येतोय. बांधणीवाली बाई जुन्या खोलीत राहत नाही. कारखान्यात विचारलं तर म्हणाले, दोन आठवडे आलेली नाही. नवीन पत्ता कोणालाच माहीत नाही.

आईला आज भरती केलं. गुरुवारी सकाळी ऑपरेशन आहे. खाटेवर चढण्याआधी तिने मला विचारलं, बांधणीवाली सापडली का. मी शोधतेय म्हणाले.

लवकर ये. लोभ असू दे, माझ्या सायकलच्या ब्रेकपेक्षा तोच जास्त कामी येतोय.

तुझी,
ठकी


२ मे

चि. पाऱ्यास अनेक आशीर्वाद.

तू परत गेल्याला महिना होऊन गेला. माझ्या खाटेपाशी बसून तू तेरा दिवस काय काय बडबडलास ते मला अर्धंच आठवतं, पण शुद्धीवर येताना कोणीतरी वाऱ्याचा वेग सांगत होतं एवढं नक्की आठवतं. ऑपरेशनबद्दल सगळे मला शूर म्हणतात. मी झोपले होते, शौर्य डॉक्टरांचं. गाठ बाटलीत घालून दाखवली मला. जेलीसारखी, निस्तेज. एवढ्याशा गोष्टीने केवढा घोळ घातला.

छातीवरचा टाका खाजतो. श्वास मोकळा आहे, चपलेचा पट्टा लावता येतो. उजवा डोळा काही परत यायचा नाही, ते आता मी मान्य केलंय. पण एका डोळ्याला खोली कळत नाही हे मला कोणी सांगितलं नव्हतं. चहा ओतते तो बशीत पडतो. दाराची कडी धरायला जाते तर हात अलीकडेच मिटतो. पायरी आहे तिथे नसते आणि नसते तिथे असते. ठकीने शिकवलंय, आधी कडेला बोट टेकव, मग ओत. लहान मुलाला शिकवते तशी मला शिकवते आणि चुकले की शिट्टी वाजवायची धमकी देते. माझ्या उजव्या बाजूने कोणी आलं की दचकते. रागही येतो. मग त्या माणसाला उगाच चार शब्द ऐकवते आणि बरं वाटतं.

म्हाताऱ्या डॉक्टरांनी मला सकाळचे दोन तास बसायची परवानगी दिलीय. नावं लिहायची, रिपोर्ट द्यायचे. सुई हातात घ्यायची नाही हे मीच ठरवलं होतं. शीर किती खोल आहे ते ज्याला दिसत नाही त्याने लोकांच्या हाताला सुई लावू नये.

आता खरी बातमी. बांधणीवाली सापडली. ठकीने शोधली नाही, तीच आली. काल सकाळी मी टेबलाशी बसले होते आणि उजवीकडून कोणीतरी खोकलं. मान पूर्ण वळवावी लागली तेव्हा दिसली. बहिणीकडे राहायला गेली होती म्हणे. जानेवारीत तिच्या डॉक्टरने माझा एकवीसचा कागद बघून साधा खोकला म्हटलं आणि ती कामावर जात राहिली. मार्चमध्ये खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा छातीचा फोटो काढला. क्षय आहे. डाव्या फुप्फुसाचा वरचा भाग गेल्यातच जमा. गोळ्या सुरू आहेत, जीव वाचेल म्हणाले, पण दोन महिने आधी कळलं असतं तर फुप्फुसही वाचलं असतं. हे सगळं तिने मला असंच, रांगेत वेळ जावा म्हणून सांगितलं. मी कोण ते तिला ठाऊक नव्हतं. गोळ्यांसाठी रक्त तपासायला आली होती.

पाऱ्या, मला तेव्हा गप्प बसता आलं असतं. कोणाला कळलं नसतं. मी तिला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि सगळं सांगितलं. माझी नळी, चाळीस, वजा तीस, तिचा एक्कावन्न. डोळ्याचं आणि गाठीचं सांगणार नव्हते, ते सबबीसारखं वाटलं असतं, पण तिने विचारलं की तुमच्या डोळ्याला काय झालं, तेव्हा तेही सांगितलं. मी माफी मागितली. माफी हा शब्द तोंडातून निघाल्यावर किती लहान होतो ते तेव्हा कळलं.

तिच्या बोटांना कायमचा सरस लागून कातडी जाड झालेली आहे, ती दुसऱ्या हाताच्या नखाने खरवडत बसली. मग विचारलं, की तुम्हाला पहिल्यांदा चाळीस दिसले तेव्हा भीती वाटली होती का. मी म्हणाले, हो. म्हणूनच बाटलीला दोष दिला. मग ती म्हणाली, की तिलाही खोकल्याची भीती वाटत होती आणि माझा कागद बघून ती घरी जाऊन दोन महिन्यांत पहिल्यांदा शांत झोपली होती. त्या झोपेबद्दल तुम्हाला काय म्हणावं ते मला अजून कळत नाही, असं म्हणाली.

मी उठले, दुसऱ्या मुलीला रक्त काढायला बोलवायला. तिने नको म्हटलं. बाही वर केली, हात टेबलावर ठेवला आणि म्हणाली, की तुम्हीच काढा. मी तिला सांगितलं, की मला आता खोली दिसत नाही, सुई चुकेल. ती म्हणाली, की चुकली तर पुन्हा टोचा, मला आज घाई नाही.

पट्टा बांधला. बोटाने शीर चाचपली, ठकीने शिकवल्यासारखं आधी बोट टेकवलं. पहिल्यांदा सुई अलीकडेच राहिली. दुसऱ्यांदा बाजूने गेली आणि तिच्या हातावर निळं उमटलं. मी थांबले तर तिने मूठ आणखी घट्ट आवळली आणि हात तसाच माझ्यासमोर ठेवला. तिसऱ्यांदा रक्त आलं.

लोभ असू दे, पाऱ्या. काल मला तो जिने दिला ती माझी कोणीच लागत नाही.

तुझी,
ताई